पडवीतल्या दिव्यावर येणारे पतंग: फोटो नीट येत नाहीत, ओळख पटत नाही, मदत करा

पडवीकर:
नमस्कार मंडळी. घर सावंतवाडी तालुक्यात, आंबोली घाटाच्या पायथ्याला. मृगाचा पाऊस सुरू झाला की आमच्या पडवीतल्या दिव्यावर इतके पतंग येतात की भिंत दिसत नाही. लहानपणापासून बघतोय, पण या वर्षी पहिल्यांदा मोबाईलवर फोटो काढायला लागलो. पंधरा दिवसांत साडेतीनशे फोटो झालेत आणि त्यातले बारा-पंधरा सोडले तर सगळे एकतर पांढरे फटक नाहीतर काळे, आणि जे बरे आलेत ते नेमके कोण हे मला सांगता येत नाही. गूगलवर टाकलं की दर वेळी वेगळं नाव येतं.

दुसरं म्हणजे परवा रात्री एक प्रचंड पतंग घरात शिरला. माझा पंजा पूर्ण पसरला तरी त्याच्यापेक्षा मोठा, विटकरी रंग, पंखांवर काच बसवल्यासारखे आरपार दिसणारे त्रिकोणी डाग, आणि वरच्या टोकाला हुबेहूब नागाचं तोंड. मिशा पिसासारख्या पण बारीक, पोट जाडजूड. आई म्हणाली विषारी असतो, डोळ्यात पावडर गेली की दिसायचं बंद होतं, झाडू आणला होता तिने. मी अडवलं. रात्रभर तो पडद्यावर बसून होता. मी बशीत साखरेचं पाणी ठेवलं, त्याने ढुंकूनही बघितलं नाही. सकाळी बाहेर कुंपणावर सोडला तर अर्ध्या तासात कोतवाल पक्ष्याने उचलला. दोन पंख खाली पडलेले सापडले, ते वहीत ठेवलेत. खूप वाईट वाटतंय. माझं काय चुकलं ते सांगा, आणि फोटो कसे काढायचे तेही.

ऐन_अर्जुन:
पडवीकर, तो अॅटलास पतंग. आपल्या सह्याद्रीतल्याला आता अॅटॅकस टॅप्रोबॅनिस म्हणतात. आणि तो नव्हे, ती. नराच्या मिशा रुंद असतात, भरगच्च पिसासारख्या. तुम्ही बारीक मिशा आणि जाड पोट लिहिलंय म्हणजे मादीच, पोटात अंडी होती.

साखरेच्या पाण्याचं मनाला लावून घेऊ नका, पण तिला खाण्यासाठी तोंडच नसतं. अळी असताना दालचिनी, पेरू असल्या झाडांचा पाला खाऊन जे साठवलं त्यावरच कोषातून बाहेर आल्यानंतरचे मोजके दिवस काढायचे, त्यात नर भेटायचा, अंडी घालायची, संपलं. म्हणून असा पाहुणा घरात आला तर त्याला सकाळी सोडायचं नाही. दिवसा त्याला उडता येत नाही म्हटलं तरी चालेल, उघड्यावर बसला की पक्ष्यांना आयतं. दिवे बंद करून रात्रीच बाहेर न्यायचं, हातात धरायचं नाही, एखादी काठी पुढे केली की आपणहून चढते, आणि दाट झुडपात आतल्या फांदीवर ठेवायचं. मादी असेल तर तिच्या वासावर लांबून नर येतात. ते बघायला मिळालं तर कॅमेरा बाजूला ठेवून नुसतं बघा.

आईंना सांगा, विषारी नाही. हाताला लागते ती पावडर म्हणजे पंखांवरचे खवले, फुलपाखराला असतात तेच. जपायचं ते केसाळ आणि काटेरी अळ्यांना, त्यातल्या काही लागल्या की खरंच आग होते.

आता फोटो. चादर लावा. पांढरं सुती धोतर किंवा पलंगपोस दोरीवर ताणून बांधा, खालचा भाग जमिनीवर पसरू द्या कारण निम्मे पतंग खालीच बसतात. समोर दिवा. आम्ही १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब वापरतो, त्याला चोक लागत नाही, साध्या होल्डरमध्ये बसतो, फक्त पावसाचा थेंब तापलेल्या काचेवर पडला की फुटतो म्हणून वर पत्रा किंवा छत्री हवीच. पिवळ्या दिव्यावर फार काही येत नाही. अमावास्येच्या आसपासची रात्र धरा, दुपारी सर येऊन गेलेली, वारा पडलेला आणि अंगाला घाम चिकटेल अशी दमट हवा. अशा रात्री साडेसात ते दहा एक गर्दी असते, आणि मग बारानंतर वेगळेच लोक येतात, मून मॉथ, म्हणजे ते फिकट हिरवे लांब शेपटीचे, मला कायम उशिराच मिळालेत.

मोबाईलचा फ्लॅश बंद. पांढऱ्या कापडामुळे मोबाईल फसतो आणि पतंग काळा येतो, म्हणून पतंगावर बोट ठेवून उजेड थोडा वर सरकवा. टॉर्चच्या तोंडावर बटर पेपर लावून बाजूने धरा. आणि महत्त्वाचं, फोन पतंगाच्या पाठीला समांतर धरा, तिरका धरलात की अर्धा पंख धूसर येतो आणि ओळखायची नक्षी नेमकी तिथेच असते. एक पाठीवरून, एक बाजूने, जमलं तर एक तोंडाचा. शेजारी पट्टी ठेवून एक.

लिंबोणी:
ऐन_अर्जुन दादांनी सगळं सांगितलंय, मी ओळखीबद्दल थोडं घालते. पडवीकर, तुम्ही नावाच्या मागे लगेच लागू नका. भारतात पतंगांच्या दहा हजारांवर जाती आहेत आणि फुलपाखरांच्या चौदाशेच्या आसपास, म्हणजे सुरुवातीला घराणं कळलं तरी पुष्कळ झालं, आणि ते बसण्यावरून कळतं. भिंतीला कागद चिकटवल्यासारखा चारही पंख सपाट पसरून बसलाय तर बहुतेक जिओमेट्रिड. लढाऊ विमानासारखा टोकदार, अंग जाड, तर हॉक मॉथ. म्हणून त्याला चिमट्याने उघडून, पंख पसरवून फोटो काढू नका, बसायची ढबच हरवते. काही जण फ्रीजमध्ये ठेवून गार करून फोटो काढतात, मला ते अजिबात पटत नाही.

फोटो आयनॅचरलिस्टवर किंवा मॉथ्स ऑफ इंडियाच्या साइटवर टाका, तिथे माणसं बघून सांगतात. तारीख, वेळ आणि गाव न चुकता लिहा. आणि शक्य असेल तर कुठल्या झाडावर अळी सापडली तेसुद्धा, कारण दिव्यावर आलेल्या पतंगाचे फोटो ढिगाने आहेत, अळी काय खाते हे अजून कितीतरी जातींचं कुणी नोंदवलेलंच नाही. तुमच्या परसात तगर असेल तर आत्ता जाऊन बघा. पानं कुरतडलेली आणि खाली मिऱ्याएवढ्या लेंड्या दिसल्या तर वर ओलिएंडर हॉक मॉथची अळी असणार. बोटाएवढी जाड, पोपटी, आणि डोक्यामागे निळे-पांढरे दोन डोळे काढल्यासारखे ठिपके. तिला हलकेच फुंकर मारा, मान आत घेते आणि ते डोळे मोठे होतात!

संत्रावाला_मोर्शी:
आम्ही शेतकरी माणसं, आमच्याकडे पतंग म्हटलं की नुकसानच आठवते. संत्र्याच्या आंबिया बहाराला फळातला रस शोषणारा पतंग येते, सोंड इतकी कडक की सालीत घुसते, दुसऱ्या दिवशी तिथं सडते आणि फळ गळते. पण मी टॉर्च घेऊन रात्री आठ ते अकरा बागेत फिरतो तर सांगतो, त्याचे डोळे अंगारासारखे चमकतात आणि मागचे पंख पिवळे धमक त्यावर काळा पट्टा, दिसायला एक नंबर. त्याची अळी संत्र्यावर नसतेच, बांधावरच्या गुळवेलीवर असते. हे आम्हाला कृषी विद्यापीठाच्या माणसानं सांगितलं तेव्हा कळलं. फोटो काढाचा असन तर दिवाच पाहिजे असं नाही भाऊ, सडलेलं केळं आन गूळ कालवून झाडाच्या खोडाला लावा संध्याकाळी. दिव्यावर कधी न येणारे येतात, आन खातात म्हणून हलत नाहीत.

ऐन_अर्जुन:
मोर्शीवाले भाऊ, गूळ-केळ्याचं अगदी बरोबर, तपकिरी मोठे घुबडडोळ्यांचे पतंग त्यावरच मिळतात.

एक राहिलं होतं. दिवा रात्रभर चालू ठेवू नका. पतंग दिव्याच्या प्रेमाने येतो असं आपण म्हणतो पण तसं नाहीये, उडताना तो पाठ उजेडाकडे ठेवतो, आकाश वर असतं म्हणून हजारो पिढ्या ते चाललं, आणि आपला बल्ब बाजूला आला की त्याची पाठ बल्बाकडे वळते आणि तो गोल गोल अडकतो. २०२४ साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये हाय-स्पीड कॅमेऱ्याने टिपून हे दाखवलंय. म्हणजे त्याला निघताच येत नाही. बाराला, फार तर एकला दिवा बंद करा, आणि उजाडायच्या आधी चादर हळूच झटकून पतंग झुडपांत जाऊ द्या. नाहीतर सहा वाजता बुलबुल आणि कोतवाल रांगेत बसलेले असतात, तुम्ही बघितलंतच.

पडवीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. अमावास्येला चादर लावली, काकांच्या लग्नातलं धोतर मिळालं. मर्क्युरी नव्हता, पांढऱ्या ट्यूबवर भागवलं. साडेआठला एक हॉक मॉथ आला आणि निघायच्या आधी जागेवरच थरथरायला लागला, पंखांचा नुसता धुरळा दिसत होता, मला वाटलं काहीतरी झालं त्याला. मिनिटभर तसं करून मग सुटला. ते का करतो?

लिंबोणी:
अंग तापवतो. छातीचे स्नायू गरम झाल्याशिवाय त्याला उडता येत नाही. थरथर सुरू झाली की फोटोची वेळ गेली, त्याआधी काढायचा.

पडवीकर:
अच्छा! त्याआधीचे दोन आलेत चांगले, टाकतो उद्या. साडेबाराला दिवा बंद केला आणि पहाटे पाचला उठून चादर झटकली. आणि ताई, तगरीवर तीन अळ्या सापडल्या. आईने पानं खाल्लेली बघून परवाच फवारणीला माणूस सांगितला होता. तिला नेऊन निळे डोळे दाखवले, तिने स्वतः फुंकर मारून बघितली. माणसाला येऊ नको म्हणून फोन तिनेच केला. एक अळी कालपासून तपकिरी पडली आहे आणि खात नाही, खाली उतरून पाचोळ्यात शिरायला बघते आहे, आजारी आहे का?

लिंबोणी:
नाही नाही, कोष करायची वेळ झाली तिची. तिथला पाचोळा झाडू नका, दोनेक आठवडे.