अनुभव धागा : ग्रीन डेची गाणी तुमच्यापर्यंत कशी पोचली?

मंडळी, मार्च २०२५मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर ग्रीन डे या अमेरिकन पंक रॉक बँडला पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकलं. शेजारी माझ्या मुलाच्या वयाचा एक पोरगा उभा होता, त्याला सगळे शब्द पाठ. घरी येऊन रात्री दोन वाजता कपाटातून ‘इंटरनॅशनल सुपरहिट्स’ची सीडी शोधून काढली.

२००१ सालचा हा संग्रह, २१ गाण्यांचा. ‘निवडक गाणी ऐकणारे खरे चाहते नव्हेत’ हे मी खूपदा ऐकून घेतलंय आणि मला ते मुळीच पटत नाही. सुरुवातीची दोन नवी गाणी सोडली, तर बाकीची साधारण ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने लावली आहेत, १९९४च्या ‘डूकी’ या अल्बमपासून २०००च्या ‘वॉर्निंग’पर्यंत. तासाभरात कॅलिफोर्नियातली तीन पोरं मोठी होताना ऐकू येतात. सुटे अल्बम मी नंतर घेतले, पण दार उघडलं ते याच सीडीने.

तुमचं दार कोणतं होतं? सविस्तर लिहा.

कऱ्हाडकर
२००३, पुण्यातलं हॉस्टेल. खोलीत हाच संग्रह होता, पण कॉपी केलेला. मूळ सीडीवर ‘ब्रेन स्ट्यू’ संपतं तिथेच ‘जेडेड’ अंगावर येतं, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. आमच्या कॉपीत तिथे दोन सेकंदांची शांतता होती आणि ती मुद्दाम ठेवली आहे असं मी वर्षभर समजत होतो. पहिल्या पगारातून मूळ सीडी घेतली. त्या जागी पोचलो आणि शांतता आलीच नाही! खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो, अजून आठवतं. २०१७च्या ‘गॉड्स फेव्हरेट बँड’ या संग्रहात तर ‘जेडेड’ घेतलेलंच नाही. मला ती निवड चुकलेली वाटते. जोडी तोडायला नको होती.

बेसवाली
नाशिक. ‘लाँगव्ह्यू’च्या कडव्यांत गिटार गप्प असते, नुसते ड्रम आणि बँडमधल्या माइक डर्न्टचा बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार. तेवढ्यासाठी मी बेस शिकले. तीन महिने लागले, बोटांना फोड आले. आजही नवीन बेस हातात आला की आधी तेच वाजवते.

पावणेसहाची लोकल
कॉलेजच्या निरोप समारंभात आम्ही ‘गुड रिडन्स’ म्हटलं आणि सगळे रडलो. ते मैत्रिणीने सोडून जाण्याच्या रागातून लिहिलेलं आहे, हे खूप नंतर कळलं. तरी माझ्यासाठी ते निरोपाचंच गाणं राहिलं.

शेवंती
माझं दार दुसऱ्या संग्रहातलं, २०१७च्या. त्याआधी मी पंक कधी ऐकलंच नव्हतं, नुसता आरडाओरडा असेल असं वाटायचं. पुतण्याने गाडीत लावला होता. ‘वेक मी अप व्हेन सप्टेंबर एंड्स’ सुरू झालं आणि तो म्हणाला, “काकू, हे त्याने वडिलांवर लिहिलंय.” ग्रीन डेचा गायक बिली जो आर्मस्ट्राँग याचे वडील सप्टेंबर १९८२मध्ये कॅन्सरने गेले, तेव्हा तो दहा वर्षांचा होता.

माझे बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आमच्याकडे त्याबद्दल कोणी बोलत नसे. आई शेवटपर्यंत बोलली नाही. मी पुतण्याला गाडी बाजूला घ्यायला लावली. त्याने काही विचारलं नाही, फक्त गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं.

आता माझी मुलगी अकराची आहे. परवा तिच्या यादीत हेच गाणं दिसलं, तिचं तिनेच शोधलेलं. आजोबांचा फोटो काढून ठेवलाय. रविवारी तिला सगळं सांगणार आहे.