आखातातला पाकिस्तानी शेजारी चांगला, म्हणून पाकिस्तान चांगला?

खाडीकाठचा (गुहागर):
पहलगामला 22 एप्रिल 2025 रोजी 26 जणांना मारलं, त्यात आपल्या डोंबिवली-पनवेलची माणसं. तेव्हापासून वाडीच्या ग्रुपवर एकच पालुपद: 'ते सगळे एका माळेचे मणी'. हे लिहिणारे निम्मे आज आखातात आहेत, नाहीतर राहून आलेत. मीही शारजात गॅरेजला होतो. शेजारच्या खाटेवर सियालकोटचा मेकॅनिक. त्याने मला विचारलं होतं, "तुमच्याकडे अजान द्यायला बंदी आहे ना?" आमच्या गावची मशीद गणपतीच्या मांडवापासून हाकेच्या अंतरावर आहे, हे त्याला पटेना. मी तरी काय दिवे लावले? "तुमच्या बायका घराबाहेर पडतात का?" असं विचारून बसलो. त्याने मोबाइलवर बहिणीचा फोटो दाखवला. कॉलेजात फिजिक्स शिकवते. एकमेकांना बघितलेलंच नाही, तर मत टीव्हीच बनवणार. माझं एवढंच म्हणणं आहे.

श्रीवर्धनकर:
खाटेवरच्या माणसाशी आमचं भांडण नाही हो. 1993 च्या फेब्रुवारीत आरडीएक्स आमच्याच शेखाडीला उतरलं. पुढच्या महिन्यात मुंबईत बॉम्बस्फोटांत 257 माणसं गेली. 2008 साली कराचीहून निघालेल्यांनी आपली 'कुबेर' मच्छीमार बोट पळवली, खलाशी मारले, तांडेलालाही (बोट चालवणाऱ्यालाही) सोडलं नाही. अजून आम्ही गावकरी सागर सुरक्षा दलाच्या गस्तीला जातो. तुमच्या मेकॅनिकला विचारलंत कधी, 26/11 कोणी केलं म्हणून?

खाडीकाठचा:
विचारलं होतं. म्हणाला, "तुमच्याच एजन्सीचं नाटक." कसाबच्या बापाला फरीदकोटात त्यांच्याच 'डॉन' पेपरने गाठलं होतं, ते सांगितलं तरी ऐकेना. बरेच दिवस अबोला होता आमच्यात. शेखाडीचं म्हणाल, तर माल उतरू देणारे कस्टमवाले कुठले होते?

श्रीवर्धनकर:
आपलेच. शिक्षाही झाली त्यांना, कोर्टात. तिकडे 26/11 च्या सूत्रधारांचं काय झालं? शिकलेली बहीण असलेला माणूसही 'नाटक' म्हणतो, म्हणजे नुसत्या भेटीगाठींनी काय साधणार?

म्हसळ्याची सून:
आमची मावशी कराचीत असते. फाळणीआधी सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्यातच, त्यामुळे आमच्या कोकणी लोकांची तिकडे ये-जा असायची. मे 2025 च्या भारत-पाक संघर्षात आपल्या काही वाहिन्यांनी रात्री पडद्यावरच कराची बंदर बेचिराख केलं. आम्ही इथे रडून बेजार. सकाळी मावशीचा व्हॉइस मेसेज: "अगो, मी भाजी आणायला गेले होते, फोन घरी राहिला." आणि तिच्या मुलाने काय पाठवावं? भारतातली अर्धी शहरं उडवल्याचा व्हिडिओ! तो खरा मानून बसला होता.
पण खाडीकाठचे दादा, गोडवे मलाही नकोत. मॅच असली की शेजारी हसत विचारतात, "आज कोणाकडून?" माहेर-सासर दोन्ही रायगडात आहे माझं.

मालवणी झील:
माका एक सांगा, आखातात हापूसच्या शेजारी त्यांचो सिंधडी आंबो लागता, तेव्हा गिऱ्हाईक देश बघता की भाव? 🙂

डहाणूचा:
आंबे राहू द्या. आमच्याकडचे आदिवासी पोरगे ओखा-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. पाण्यावर रेघ नसते. पाकिस्तानी मेरीटाइमवाले (सागरी सुरक्षेचे लोक) बोटीसकट धरून नेतात. 1 जुलै 2025 च्या कैद्यांच्या यादीत त्यांच्या तुरुंगात 193 भारतीय मच्छीमार, आपल्याकडे त्यांचे 81. दोन्हीकडे शिक्षा संपली तरी सुटका अडते, कारण संबंध बिघडले की पहिली फाइल हीच बंद होते. बायको इथे मजुरीला जाते, पोरं शाळा सोडतात. त्या 81 जणांच्या घरीही चूल अशीच पेटत असेल.

श्रीवर्धनकर:
मच्छीमार सोडा, याला माझा विरोध नाही. पण दुबईत 14 सप्टेंबर 2025 ला आशिया कपच्या मॅचमध्ये आपल्या खेळाडूंनी पाकिस्तानी खेळाडूंशी हात मिळवला नाही, ते मला योग्यच वाटलं. पहलगामला कपाळ पुसलं गेलेल्यांसमोर हस्तांदोलन कसलं?

म्हसळ्याची सून:
मग मॅच तरी कशाला खेळलात? जाहिरातींचे पैसे चालतात, हात चालत नाही?

श्रीवर्धनकर:
खेळूच नये, या मताचा मी पहिल्यापासून आहे.

डहाणूचा:
कैद्यांची यादी दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला दोन्ही सरकारं एकमेकांना देतात, युद्धासारखी परिस्थिती असली तरी. 2008 च्या करारात आहे ते. म्हणजे बोलणं पूर्ण बंद कधीच नसतं. मग नावांबरोबर माणसंही का देत नाहीत?