१९०० वाल्यानं ड्रॉ मागितला, पोरानं दिला. जिंकत होता का?

कृष्णाकाठचा_मामा
भाचा आठवीत, बुद्धिबळ खेळतो, रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) १४९०. काल सांगलीत ओपनला पहिल्याच राऊंडला १९०० वाला आला, स्विसमध्ये (कुणी बाद होत नाही, सारख्या गुणांचे समोरासमोर येतात ती पद्धत) पहिल्याला रेटिंगच्या यादीचा वरचा अर्धा खालच्या अर्ध्याशी लावतात त्यामुळं हे होतंच. आम्ही म्हटलं तासाभरात घरी, पण ह्यानं डाव हत्तीच्या एंडगेमपर्यंत (राजा, हत्ती नि प्यादंच उरतं त्या शेवटापर्यंत) ओढला आणि वर एक प्यादं जादा. ह्याचा पांढरा राजा डी५, हत्ती एच७, प्यादं ई५. काळा राजा ई८, हत्ती ए६. तिथं त्यानं ड्रॉ मागितला, ह्यानं लगेच हात मिळवला. बाहेर सगळे म्हणतायत जिंकलेला डाव सोडलास. पोरगं रात्री जेवलं नाही ओ.

हत्तीघोडा
जिंकत नव्हता. फिलिडॉर पोझिशन आहे ही (जुन्या फ्रेंच खेळाडूच्या नावाची), पुस्तकी ड्रॉ. काळा हत्ती सहाव्या ओळीवर बसलाय म्हणून पांढरा राजा पुढं घुसत नाही. प्यादं ई६ ला ढकललं की तो हत्ती सरळ ए१ ला जातो आणि मागनं शह देत बसतो, राजाला लपायला जागाच नाही. ज्या गावात भाऊसाहेब पडसलगीकरांनी बुद्धिबळाची पोरं घडवली तिथं तरी ह्याला 'सोडला' म्हणू नका राव.

मिरजेचं_प्यादं
ड्रॉ आहे मान्य, पण खेळायचं की! प्यादं आपलं, हरायची भीती जवळपास नाही. प्यादं न हलवता ५० चाली फिरवत बसायचं, दमलेला माणूस कुठंतरी हत्ती चुकीच्या ओळीवर नेतोच. १९०० वाल्यानं उगाच मागितला का ड्रॉ?

पंचकाका
मागितला कधी ते सांगा. आपली चाल पटावर करून, घड्याळ दाबायच्या आधी मागायचा असतो. पोराचं घड्याळ चालू असताना मागितला तरी ऑफर धरली जाते, पण व्यत्यय आणला म्हणून पंचांना बोलवता येतं. बाकी रेटिंगचं बघा, ४१० चा फरक म्हणजे त्याच्याकडनं अपेक्षा ०.०८ गुणाची, मिळाला ०.५, आणि १८ च्या आतल्या पोरांचा के (ह्या फरकाला गुणायचा आकडा) ४० असतो, म्हणजे रेटिंगमध्ये १६.८ पॉइंट आले. एका ड्रॉवर! जेवायला घाला त्याला आधी.

कृष्णाकाठचा_मामा
घड्याळ ह्याचंच चालू होतं, पण ह्याला त्याचं काही नाही. म्हणतोय, मामा मागनं शह दिसत होते म्हणून घेतला. फिलिडॉर कोण ते माहीत नाही त्याला! आज समोर अनरेटेड पोरगी आहे, तिनं पण काल ड्रॉच केलाय, आता हा काय करतोय बघू.