ॲप चिडत नाही, पण...

मनातलं बोलायला वापरल्या जाणाऱ्या चॅटबॉट ॲपबद्दल मांडला जाणारा "ॲप कधी चिडत नाही, म्हणून लहानपणी सतत ओरडा खाल्लेल्यांना तिथे मोकळं होता येतं" हा मुद्दा खराच आहे. १९६६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाम यांनी एलायझा हा संवादी संगणक प्रोग्राम मांडला, तर त्यांच्याच सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं होतं!

पण जुनी भीती तेवढ्याने सुटते असं मला वाटत नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७० च्या दशकातल्या प्रयोगात आई काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, शेवटी तोंड फिरवतं. आई पुन्हा बोलू लागली की हळूहळू सावरतं. हे तुटून जुळणं फार मोलाचं. माझ्या थेरपिस्टबाईंनी एकदा मधेच घड्याळ पाहिलं आणि मी गप्पच झाले. आपलं बोलणं कंटाळवाणं, ही लहानपणापासूनची खात्री. त्यांच्या ते लगेच लक्षात आलं. "हो, माझं लक्ष हललं होतं, सॉरी," असं त्या सरळ म्हणाल्या. मोठ्या माणसाने असं कबूल करणं मला नवीनच होतं. ज्याचं लक्ष कधी हलतच नाही, त्या ॲपकडून हे कसं मिळणार? दोन सेशनच्या मधल्या दिवसांत मनातलं नोंदवून ठेवायला मात्र ते जरूर वापरावं.