सेटलमेंट: वस्ती की वसाहत?

पाटीपेन्सिल: एका साप्ताहिकासाठी लेखाचा अनुवाद करतोय. अमेरिकेतल्या धर्मादाय संस्थांचा पैसा वेस्ट बँकेतल्या (१९६७च्या युद्धात इस्रायलने ताब्यात घेतलेला प्रदेश) ज्यू सेटलमेंटना जातो, त्याचा जाब कुणाला विचारायचा, असा विषय. मी 'वस्त्या' लिहिलं, संपादकांनी 'वसाहती' केलं. वस्ती म्हटली की मला गावाबाहेरची शिंदेवस्ती दिसते, चार घरं नि एक विहीर. वसाहत म्हटली की एमआयडीसी. तुम्ही काय लिहाल?

भाऊ नगरकर: वसाहतच. वसाहतवाद त्यावरूनच आला ना!

उंबरठा: तीच तर गोची. तो शब्द वापरला की निकाल देऊन मोकळे. इस्रायल सरकार त्या प्रदेशाला वादग्रस्त म्हणतं, व्याप्त नाही.

भाऊ नगरकर: आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ आणि २०२४, दोन्ही वेळा व्याप्तच म्हटलंय. पाकव्याप्त काश्मीर लिहिताना कुणाला विचारतो आपण?

सोलापुरी चादर: आमच्याकडे सेटलमेंटला सेटलमेंटच म्हणतात. इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी लोकांना तारेच्या कुंपणात डांबलं, ती जागा. १९५२ला ते मोकळे झाले, नाव मात्र तसंच राहिलं. म्हणजे आमचा सेटलमेंटवाला कुंपणाच्या आत कोंडलेला. तिकडे बरोब्बर उलटं.

कोर्टकचेरी: शब्दाचं काय ते ठरवा, पण 'बेकायदा देणग्या' असं लिहून बसू नका. बेकायदा म्हणतात ते व्याप्त प्रदेशात आपली माणसं वसवण्याला: १९४९च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम ४९. देणगीदाराला अमेरिकेत करसवलत मिळते, आपल्या ८०जीसारखी, आणि पैसा तिथल्या शाळेला गेला म्हणून ती आपोआप जात नाही. १९८३च्या बॉब जोन्स विद्यापीठ खटल्यात तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं की प्रस्थापित सार्वजनिक धोरणाविरुद्ध वागणाऱ्या संस्थेची सवलत काढता येते. पण तो वंशभेदाचा मामला होता. इथे धोरणच पलटतं. बायडननी फेब्रुवारी २०२४मध्ये हिंसक सेटलरांवर निर्बंधांचा आदेश काढला, एप्रिलमध्ये त्यांच्यासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या दोन संस्थाही त्यात घातल्या. ट्रम्पनी जानेवारी २०२५मध्ये परत येताच तो रद्द केला. कॅनडाने २०२४मध्ये ज्यूइश नॅशनल फंडाच्या तिथल्या संस्थेची धर्मादाय नोंदणीच काढून घेतली. तेवढं लेखात आहे का बघा.

पाटीपेन्सिल: आहे. 'अकाउंटेबिलिटी'ला उत्तरदायित्व केलंय.

भाऊ नगरकर: ते हिंदी! आपला साधा जबाबदारी शब्द काय वाईट?

कोर्टकचेरी: जबाबदारी झटकता येते. इथे जाब द्यायचाय. कोर्टात 'जाबदेणार' अजून चालतो.

भाऊ नगरकर: जाब अरबी.

उंबरठा: आणि जबाबदारी कुठली, आळंदीची?

अलिबागकर: मूळ प्रश्नावर. हिब्रूतही हेच भांडण आहे. वेस्ट बँकेतल्या सेटलमेंटला सर्रास हितनहलुत म्हणतात, तिथे राहणाऱ्यांना हितयशवुत शब्द बरा वाटतो. पहिल्यात 'नहला' आहे, म्हणजे वारशाने आलेला जमिनीचा वाटा. आणि मराठी बायबलात नहलाला शब्द आहे 'वतन'. वतनवस्ती म्हणा की!

उंबरठा: वा! पण मग त्यांचा दावाच मान्य केल्यासारखं होईल. देवाने दिलेलं वतन.

भाऊ नगरकर: वतन म्हणजे पाटीलकी, देशमुखी. राजा देतो ते. आणि त्याबदल्यात चाकरी असते.

सोलापुरी चादर: चाकरीचं आम्हाला नका सांगू. आमच्या आजोबांची महार वतनाची जमीन होती. वतनं १९५८च्या कायद्याने गेली, सातबाऱ्यावर 'नवीन शर्त' राहिली. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.

कोर्टकचेरी: परवानगीचा नजराणा भरला का? किती मागितला?

सोलापुरी चादर: बाजारभावाच्या निम्मा. वेगळा धागा काढतो.

पाटीपेन्सिल: अहो, आणि आउटपोस्टला, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय उभारलेल्या सेटलमेंटला, काय लिहू?

भाऊ नगरकर: नजराणा फारसी की अरबी?