शब्दचर्चा : ‘यमुनापर्यटन’मधलं ‘पर्यटन’

प्रश्न :
बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीच्या नावात ‘पर्यटन’ हा शब्द कोणत्या अर्थाने आला आहे? आज पर्यटन म्हटलं की सुट्टी, हॉटेलचं आरक्षण, प्रेक्षणीय स्थळं एवढंच डोळ्यांपुढे येतं. विधवांच्या हालअपेष्टा सांगणाऱ्या पुस्तकाला तो शब्द कानाला खटकतो. की यमुना नदीकाठचा प्रवास असं काही आहे?

प्रतिसाद :
नदीचा काही संबंध नाही. यमुना ही नायिका. ती नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, वाटेत ठिकठिकाणी विधवा बायका भेटतात, त्यांच्या हकिकती कानावर पडतात. पुढे तिचाच नवरा जातो आणि इतका वेळ जे ऐकलं ते तिच्याच वाट्याला येतं. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते.

आता शब्द. परि + अटन = पर्यटन. ‘अट्’ म्हणजे हिंडणे. देशाटन, तीर्थाटन, भिक्षाटन ही सगळी याच घरातली मंडळी. ‘परि’मुळे ‘चहूकडे’ हा भाव येतो. म्हणजे पर्यटन हे गावोगाव हिंडणं, आणि त्यात मौजेचा भाग असलाच पाहिजे असं नाही. संन्याशी, साधू पर्यटन करीत, ते काही हवापालटासाठी नव्हे. करमणुकीच्या प्रवासाचा अर्थ शब्दाला विसाव्या शतकात पक्का चिकटला. १९७५ साली महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ निघालं, सरकारी पाट्यांवर शब्द झळकला आणि जुना अर्थ मागे पडला. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या वाचकाला हे नाव मुळीच खटकलं नसणार.

पदमनजींनी शब्द सहज उचलला असेल असं मला वाटत नाही. हा माणूस कोशकार होता. १८६० साली त्यांची ‘शब्दरत्नावली’ निघाली, ती समानार्थी शब्दांचीच. १८६३ मध्ये त्यांनी मोल्सवर्थच्या प्रचंड मराठी-इंग्रजी कोशाचा संक्षेप केला. त्या कोशाची दुसरी आवृत्ती आणि ‘यमुनापर्यटन’ एकाच सालातली, १८५७. प्रवास, यात्रा, फेरी, भ्रमण हे सगळे पर्याय हाताशी असलेल्या लेखकाने पर्यटन निवडलं, हे लक्षात घ्यायला हवं.

आणखी एक प्रतिसाद :
‘यात्रा’ त्यांनी मुद्दाम टाळला असेल का? जन्म बेळगावचा (१८३१), तिथेच १८५४ मध्ये बाप्तिस्मा, म्हणजे कादंबरी आली तेव्हा धर्मांतराला तीनच वर्षं झाली होती. तीर्थयात्रेच्या पुण्यावर विश्वास उरलेला नाही, मग तो शब्द नायिकेच्या नावाला कशाला जोडायचा? माझा हा तर्क आहे, पुरावा नाही.

त्यावर :
तर्क सुरेख आहे, पण मिशनच्या मराठीला ‘यात्रा’चं वावडं नव्हतं. बनियनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या इंग्रजी ख्रिस्ती रूपककथेचं हरि केशवजींनी केलेलं भाषांतर १८४१ मध्येच आलं होतं आणि त्याचं नाव ‘यात्रिकक्रमण’. प्रॉटेस्टंट घराघरांत भक्तीने वाचलं जाणारं हे पुस्तक. तेव्हा धर्माच्या अडचणीवरून शब्द सुटला असं म्हणता येत नाही.

मला फरक दुसरीकडे दिसतो. यात्रिकाला एक ठिकाण गाठायचं असतं आणि वाटेतली माणसं त्या ठिकाणाच्या अलीकडे किंवा पलीकडे ढकलणारी. यमुनेच्या हिंडण्यात वाटेतल्या बायका हाच मुक्काम. जिथे कुणी बोलेल तिथे थांबायचं. ‘अटन’ मला इथे चपखल वाटतं.

शीर्षकाचा उरलेला भाग सहसा कुणी छापत नाही, पण तो पाहाच : ‘अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण’. यातलं ‘निरूपण’ थेट कीर्तनातून आलेलं. बुवा पूर्वरंगात अभंग घेतात आणि त्याचं निरूपण करतात. दासबोधातल्या कितीतरी समासांच्या नावांत हा शब्द आहे. इथे अभंगाच्या जागी काय ठेवलंय? विधवांची स्थिती. केशवपन केलेली, घरात राबवलेली, शुभकार्यात तोंड न दाखवणारी बाई हाच निरूपणाचा विषय. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला होता, पण कायद्याने घरातली सासू किंवा दीर थोडेच बदलतात! पदमनजींनी ख्रिस्ती धर्माचा प्रचार उघडपणे केला आहे, ते लपवायचं कारण नाही. पण त्या प्रचारासाठी भाषा घेतली ती मराठी माणसाच्या कानात मुरलेली. मला या पुस्तकाबद्दल आदर वाटतो तो याच कारणाने.

मूळ प्रश्नकर्ती :
मनापासून आभार. ‘निरूपण’कडे माझं लक्षच गेलं नव्हतं. याच लेखकाची बाकीची पुस्तकं भाषेसाठी वाचायची झाली तर कोणतं घ्यावं?

प्रतिसाद :
‘अरुणोदय’ घ्या, त्यांचं आत्मचरित्र, १८८८ सालचं. जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस मंडळीत ते स्वतः होते, आणि त्या गुप्त सभेची आतली माहिती आपल्याला बरीचशी त्यातूनच मिळते. व्याकरणकार दादोबा पांडुरंग त्याच मंडळीतले. शिवाय बायबलच्या नव्या करारावरची १८७७ ची टीका, म्हणजे विवरण, आहे. ती घेतलीत तर ‘शुभवर्तमान’ वाचताना जपून. तिथे ‘वर्तमान’ म्हणजे चालू काळ नव्हे, बातमी. वर्तमानपत्रातलं वर्तमान तेच. १९०६ मध्ये ते वारले तोवर शंभरावर लहानमोठी पुस्तकं झाली होती, त्यामुळे सुरुवात या दोहोंपासूनच बरी.

आणि वर्गात शिकवणार असाल तर तळटीप एवढीच पुरे : पर्यटन – गावोगाव हिंडणे, देशाटन.