सोलो खेळायचंय? मग हीलरच्या हातात गदा द्या (पटत नसेल तर भांडायला या)

गदाधारी_रामबाग:
ग्रुपवर काल एकाने टाकलं की ऑनलाइन आरपीजीमध्ये (पात्र घेऊन लेव्हल चढवायचे गेम) हीलर, म्हणजे हील मारून हेल्थ भरणारा, घेऊन एकट्याने खेळणं म्हणजे रिकाम्या कार्यालयात पंगत वाढणं. हसलो मीपण, पण मत साफ चुकीचंय म्हणून हा धागा. एकट्याने खेळणाऱ्याला हीलरसारखा क्लास (पात्राचा प्रकार) नाही, फक्त तो मागे उभा राहून दुसऱ्यांचे हेल्थ बार बघत बसणारा नको, पुढे घुसून ठोकणारा हवा.

लोक एका मॉबचा (गेममधल्या राक्षसाचा) हिशोब करतात आणि तिथेच गंडतात. समजा डीपीएसवाल्याने (फक्त जोरात मारणाऱ्या क्लासने) मॉब 10 सेकंदात पाडला आणि तुमच्या मेली (जवळून मारणाऱ्या) हीलरने 15 मध्ये. तो फास्ट वाटतो ना? पण तीन मॉब झाले की त्याचा हेल्थ तळाला, मग खाली बसून खाणंपिणं अर्धा मिनिट, झालं पूर्ण मिनिट. तुम्ही तेच तीन 45 सेकंदात, मधे हील मारायला पाच सेकंद धरा, झाले 50, आणि तुम्ही अजून उभेच. सोलोमध्ये बसण्यात किती वेळ गेला ते आधी मोजा, बाकीचं नंतर.

आता हीलसाठी किती पॉइंट घालवायचे? जुना रॅग्नारोक ऑनलाइन घ्या, रिन्यूअल नावाच्या मोठ्या बदलाच्या आधीचा, त्यातला बॅटल प्रीस्ट (पुढे घुसून ठोकणारा हीलर). तिथे हीलचा फॉर्म्युला असा: बेस लेव्हल आणि आयएनटी या बुद्धीच्या स्टॅटची (पात्राच्या गुणाचा आकडा) बेरीज, भागिले 8, अपूर्णांक सोडून द्यायचा, मग गुणिले (4 + 8 × हील स्किलची लेव्हल). लेव्हल 70, हील 10 धरा. आयएनटी 10 असेल तर 80 भागिले 8 म्हणजे 10, गुणिले 84, म्हणजे 840. आयएनटी 40 केली तर 13 गुणिले 84, म्हणजे 1092. फरक 252 चा. आणि आयएनटी 10 वरून 40 ला न्यायला स्टॅट पॉइंट जातात 117, कारण स्टॅट जितका वर तितका पुढचा पॉइंट महाग. त्याच 117 मध्ये एसटीआर (ताकद) 60 वरून 74 होते. निम्म्याहून जास्त हील बेस लेव्हल स्वतःच देते, मग कशाला आयएनटी चढवत बसायचं? वरून हीलला कास्ट टाइम (मंत्र पुरा व्हायची वाट) नाही, समोरचा ठोकत असला तरी लागते म्हणजे लागते.

सुदामानगर_शिकारी:
भिया, हिशोब छान पण आकडे सगळे आपल्या सोयीचे. मॉबमागे 15 सेकंद कुठल्या गेममध्ये? वॉरक्राफ्ट क्लासिकमध्ये (2019 ला आलं ते, 2004 च्या मूळ गेमच्या चालीवर) रेट्रिब्युशन पॅलाडिन (मारामारीकडे वळवलेला, हीलपण करणारा योद्धा) चालवून बघ एकदा. सील लावली, जजमेंट मारलं, मग हाताची घडी घालून ऑटो अटॅक बघत बसायचं, चहा पिऊन होतो तोवर. लांबून मॉब ओढायला हातात काही नाही. हील कास्ट करायला गेलं की प्रत्येक फटक्याला कास्ट बार मागे. त्यापेक्षा माझा हंटर बघ, पेट (पाळलेला प्राणी) मार खातो, मी लांबून बाण सोडतो, मला हील लागतच नाही. ज्याला मारच बसत नाही त्याने गदा आणि हील दोन्हीचं ओझं का वाहायचं?

आणि रॅग्नारोकमध्ये आयएनटी कापताना एसपी (स्किल वापरायची शक्ती) सोयीस्करपणे विसरलास. आयएनटी एकने वाढली की मॅक्स एसपी 1% वाढतो, रिकव्हरीपण सुधारते. हील 10 ला एका वेळी 40 एसपी जातात. एसपी संपला की तूपण बसणारच आहेस खाली, आमच्यासारखाच.

गदाधारी_रामबाग:
एसपीचा मुद्दा बरोबर आहे, पण तू बफ (थोडा वेळ स्टॅट वाढवणारी स्किल्स) धरलेच नाहीस. ब्लेसिंग 10 ने एसटीआर, डीईएक्स (नेम), आयएनटी तिन्ही 10 ने वर जातात, म्हणजे माझी 10 ची आयएनटी 20 होते आणि हील 924 ची पडते, स्टॅट पॉइंट एकही न घालवता. इन्क्रीज एजीआय 10 ने वर 12 एजीआय (चपळाई). निम्मे फटके चुकतात मग हील मारायचीच कमी वेळा, तर एसपी संपेल कसा?

क्लासिकमध्ये कास्ट बार मागे जातो हे खरं, पण पॅलाडिनकडे हॅमर ऑफ जस्टिस असतो ना. पहिल्या रँकचा स्टन 3 सेकंदांचा, होली लाइट या हीलचा कास्ट अडीच सेकंदांचा. हातोडा हाणला, लगेच होली लाइट दाबली, तो शुद्धीवर येईपर्यंत हेल्थ बार वर. ब्लिझर्डने (वॉरक्राफ्टवाल्या कंपनीने) मुद्दाम बसवलंय का माहीत नाही पण बसतं एकदम फिट.

सुदामानगर_शिकारी:
बसतं, मिनिटातून एकदा. कूलडाऊन आहे त्याला. दुसरा मॉब मधेच आला की काय करतोस, हात जोडतोस?

आणि एजीआयचं तर बोलूच नको. रॅग्नारोकमध्ये दोनच मॉब अंगावर असतील तोवर फ्ली (फटका चुकवायची ताकद) पूर्ण, तिसऱ्यापासून प्रत्येक मॉबमागे 10% कमी. तुझा बॅटल प्रीस्ट एकाशी पहिलवान, पाच जमले की फटके लागायला लागतात, मग हील हील हील, आणि प्रत्येक हीलमागे सेकंदभर दुसरं स्किल नाही. मॉब तसाच जिवंत. राजवाड्याजवळच्या सायबर कॅफेत हा तमाशा मी डोळ्याने पाहिलाय, पोरगा दहा मिनिटं हील मारत एका जागी उभा, मॉब मरेना आणि हापण मरेना, शेवटी कॅफेवाल्याने तास संपला म्हणून स्क्रीन बंद केली.

पलासियाची_टेम्पलर:
दोघेही दादा वीस वर्षं जुन्या गेमवर डोकं फोडताय. मला विचाराल तर गदा का काठी हे नंतर, आधी बघायचं हील आणि डॅमेज एकाच स्टॅटवर चढतात का वेगवेगळ्या. वेगवेगळ्या असतील तर मेली हीलर कायम अर्धवट, एकाच असतील तर फुकटची मजा.

एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये (2014) टेम्पलरचं पंक्चरिंग स्वीप घ्या. भाल्याचे फटके समोरच्या सगळ्यांना एकदम लागतात आणि जेवढा डॅमेज झाला त्याचा काही भाग तुम्हालाच हील म्हणून परत. शिकारी दादांचे पाच मॉब आले तर इथे उलट फायदा, जास्त लोकांना लागलं की जास्त हील. वरून हील आणि डॅमेज दोन्ही तुमच्या त्याच मोठ्या आकड्यांवर चालतात, त्यामुळे गिअरचे (शस्त्र-चिलखताचे) दोन सेट सोलोला लागतच नाहीत. मी पब्लिक डंजनमध्ये एकटीच घुसते, मुद्दाम गर्दी गोळा करते. वॉरक्राफ्टमध्येपण मंक आला 2012 ला, त्याचा हीलर प्रकार मिस्टवीव्हर ठोसे मारत हील करू शकतो, म्हणजे कंपन्यांनाही कळलंय.

सुदामानगर_शिकारी:
ताई, तुमच्या टेम्पलरशी माझं भांडण नाही, पण गदाधारी जो विकतोय तो माल हा नव्हेच. तुमच्याकडे मारलं की हील आपोआप येते, त्याच्याकडे मारणं थांबवून हील करावी लागते. माझा सगळा राग त्या थांबण्यावर आहे.

लाइट_गेली_परत:
पिंगबद्दल कोणीच बोललं नाही?? एल्डर स्क्रोल्सचे मेगासर्व्हर उत्तर अमेरिकेत नाहीतर युरोपात, इंदूरहून तिथवर जाऊन यायला जो वेळ लागतो त्यात बॉसचा लाल गोल (इथे फटका पडणार ही खूण) माझ्या स्क्रीनवर दिसेपर्यंत निम्मा भरलेला असतो. लांबून खेळणारा आधीच बाहेर असतो, मेलीवाला बरोबर त्या गोलाच्या मधे. ताई गर्दी गोळा करतात, मी केली तर आधी मी पडतो मग कळतं की पडलो. माझ्यामते आपल्याकडून खेळणाऱ्याने मेली घ्यायचंच असेल तर चुका पोटात घालणारा घ्या, म्हणजे जाड चिलखत आणि थोडी थोडी सतत चालणारी हील. नेमक्या वेळी बटण दाबून वाचायची भाषा आपल्यासाठी नाही.

गदाधारी_रामबाग:
हे तर माझ्याच बाजूचं बोलला की भाऊ तू.

लाइट_गेली_परत:
बाजूचं नाही, तुझा हातोडा आणि होली लाइट वाला जुगाड अर्ध्या सेकंदाच्या फरकावर चाललाय, माझ्याकडे तो अर्धा सेकंद येतायेताच खर्च होतो.

जुना_होळकर:
पोरांनो, डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन कोणी खेळतं का अजून? 2006 चा गेम आहे, नियम त्याच नावाच्या टेबलवरच्या खेळाच्या 3.5 आवृत्तीवर बेतलेले, 2009 पासून फुकट. त्यात क्लेरिक पहिल्या दिवसापासून जाड चिलखत घालतो. क्युअर स्पेलचे (हीलच्या मंत्रांचे) फासे विज्डम (शहाणपणाचा स्टॅट) बघतच नाहीत, ते कास्टरच्या लेव्हलवर चालतात. विज्डम लागते ती स्पेल वापरता येण्यापुरती, 10 अधिक स्पेलची पातळी, म्हणजे अगदी नवव्या पातळीच्या स्पेलला 19. ती गिअर आणि बढतीतून गोळा होते. उरलेलं सगळं स्ट्रेंग्थ आणि कॉन्स्टिट्यूशनमध्ये घाला. सातव्या लेव्हलला डिव्हाइन पॉवर मिळते, ती लावली की वार फायटरच्या बरोबरीने लागतात. वॉरप्रीस्टची झाडी (त्या नावाची क्षमतांची यादी) घ्या, सोबत भाड्याचा हायरलिंग (गेमनेच चालवलेला साथीदार) घ्या, आणि एकटे फिरा.

पण गदाधारी, तुझ्याविरुद्ध पण एक सांगतो. याच गेममध्ये 2017 ला रिपर नावाचा अवघडपणा आला आणि त्यात स्वतःच स्वतःला केलेली हील कापली जाते. का कापली असेल? तुझ्यासारखे लोक मरतच नव्हते म्हणून, असा माझा आपला अंदाज. म्हणजे हा बिल्ड (पॉइंटची मांडणी) चांगला आहे याची पावतीच समज, पण वरच्या पातळीवर याच्या भरवशावर राहू नकोस. तिथे मीसुद्धा पार्टी (सोबत खेळणारे) शोधतो.

सुदामानगर_शिकारी:
काका, पावतीच्या पावती आणि दंडच्या दंड 😂

नवीन_पाहुणा:
नमस्कार, सगळं वाचलं, निम्मं कळलं. ऑफिसमधून विजयनगरला घरी पोहोचून जेमतेम तासभर मिळतो, त्यात कोणाची वाट बघायला जमत नाही, पैसे घालायचे नाहीत, आणि मला मधेच उठावं लागतं कारण आई हाक मारते. काय घेऊ?

जुना_होळकर:
मी वर सांगितला तोच क्लेरिक. सुरुवातीला नॉर्मलवर खेळ, एलिटच्या (जास्त अवघड पातळीच्या) हव्यासात पडू नकोस. पहिल्या लेव्हलपासून कॉन्सन्ट्रेशन स्किल वाढव, नाहीतर मार खाताना स्पेल फुकट जाईल आणि इथे येऊन आम्हाला शिव्या देशील. आणि उठायच्या आधी दरवाजा बंद करून कोपऱ्यात उभा राहा, कोबोल्ड (तिथले मॉब) आईची हाक ऐकत नाहीत.

पलासियाची_टेम्पलर:
एल्डर स्क्रोल्स विकत घ्यावा लागतो म्हणून नाही म्हणते, पण सेलमध्ये लागला तर नक्की बघा. 2016 नंतर लेव्हल स्केलिंग आहे (लेव्हल आपोआप जुळते), त्यामुळे कुठल्याही गावात कधीही शिरता येतं, एक तासवाल्यासाठी ते सोयीचं.

गदाधारी_रामबाग:
पाहुणे, काय घ्याल ते घ्या पण सुरुवातीला अर्धे पॉइंट इकडे अर्धे तिकडे करू नका, सगळे नवे हेच करतात. आधी मॉब मरायला हवा. आपली हील पुरत नाही असं दोन-तीनदा झालं की मगच तिकडे पॉइंट टाका. शस्त्र आधी बदला, अंगठ्याबिंगठ्या नंतर.

सुदामानगर_शिकारी:
हे पटलं. फक्त एक जोड, हील पुरत नाही असं झालं की आधी बघा तुम्ही एकावेळी किती मॉब ओढताय, पॉइंट टाकायची वेळ बहुतेकदा येतच नाही. बाकी गदाधारी, रविवारी क्लासिकमध्ये ये, एकाच लेव्हलचे दोघं, तुझा पॅलाडिन आणि माझा हंटर, एकच इलाका, एक तास. तू उभा राहून दाखव.

गदाधारी_रामबाग:
येतो. पेट मेला की त्याला उठवण्यात आणि चारण्यात जाणारा वेळपण तुझ्याच खात्यात धरणार, आत्ताच सांगून ठेवतो.

सुदामानगर_शिकारी:
पेट मरत नाही भिया, मेंड पेट आहे माझ्याकडे.

पलासियाची_टेम्पलर:
म्हणजे हील तूपण मारतोस 🙂